तीनपासून सुरू होणारी पट्टी

माझ्या एका कडेवर तीनशे एक रेघा होत्या. तीनशे मिलिमीटर मोजायला तीनशे एक रेघा लागतात, कारण शून्याचीही एक असते. हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. त्यांतल्या आज दोनशे एकाहत्तर उरल्या आहेत. एकोणीस पुसट झाल्या आहेत आणि दोन रेघा शाईच्या दोन डागांखाली गेल्या आहेत. म्हणजे नीट वाचता येतील अशा रेघा अडीचशे. याखेरीज माझ्या अंगावर खिळ्याला अडकवण्यासाठी पाडलेलं एक भोक, दातांच्या पाच खुणा आणि कर्कटकाच्या टोकानं कोरलेलं 'ऋ' हे एक अक्षर आहे.

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी फूटपट्टी आहे. शून्य, एक आणि दोन हे आकडे माझ्याजवळ नाहीत. मी तीनपासून सुरू होते. मी खोटं बोलते असं काही जण म्हणतात, पण ते खरं नाही. मी फक्त तीनपासून बोलते.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. मला पहिलं आठवतं ते सोलापुरातल्या एका स्टेशनरीच्या दुकानातलं पत्र्याचं डबडं. त्यात आम्ही चोवीस बहिणी उभ्या होतो. एके दिवशी कोंडीबा नावाचे गृहस्थ सायकल बाहेर लावून आत आले. ते अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या एका युनिटमध्ये घड्या घालून माल बांधायचं काम करतात. टॉवेलची कड बघायची त्यांना सवय. त्यांनी एक डोळा मिटून आमच्यापैकी अकरा जणींकडे कडेनं बघितलं, दहा जणी परत ठेवल्या आणि मला निवडलं. त्या वेळी मी अगदी सरळ होते, हे मी सांगितलं पाहिजे.

कोंडीबांची मुलगी ऋतुजा तेव्हा पाचवीत होती. तिला मोजण्याचा नाद होता. तिनं दाराची चौकट मोजली, आपला अंगठा मोजला, मांजराची शेपटी मोजली. शेपटी स्थिर राहत नव्हती, म्हणून तिनं तीनदा मोजून सरासरी काढली. तिची आई केराबाई भाकरी थापायला बसल्या की ऋतुजा मला घेऊन शेजारी बसायची.

"तेवीस पूर्णांक आठ. ही चोवीस. आई, ही एका बाजूनं चोवीस आणि दुसऱ्या बाजूनं तेवीस आहे."

"गोल हाय का न्हाय तेवढं सांग," केराबाई म्हणायच्या, "आन् ती पट्टी पिठात घालू नगं."

ते माझे सुखाचे दिवस होते. ऋतुजाच्या वहीतल्या समासाचं बाईंनी दोनदा कौतुक केलं. त्यातलं निम्मं तरी माझं होतं.

ऋतुजा आठवीत असताना अपघात झाला. शेंगाच्या चटणीच्या डब्याचं झाकण घट्ट बसलं होतं. कोंडीबांनी आधी नख लावलं, मग चमचा लावला, मग इकडेतिकडे बघितलं आणि भिंतीवर मी दिसले. झाकण उघडलं. तीनच्या रेघेवर माझे दोन तुकडे झाले. रेघेचा अर्धा भाग माझ्याकडे राहिला आणि अर्धा त्या तुकड्याकडे गेला. ती रेघ मी माझ्यात मोजते, कारण ती मोजायला दुसरं कुणी तयार नाही. त्या दिवशी जेवताना चटणी छान झाल्याचं सगळे म्हणाले.

माझा तो तीन सेंटिमीटरचा तुकडा केराबाईंनी फेकला नाही. त्यांची भांड्यांची मांडणी मागच्या डाव्या पायाकडे डुगडुगत होती. त्यांनी तुकडा त्या पायाखाली सारला आणि मांडणी पक्की झाली. तेव्हापासून माझं शून्य तिथं आहे, तांब्या-पातेल्यांचा भार सोसत.

त्यानंतर माझे वाईट दिवस आले. मला खिडकीला टेकू म्हणून लावलं. मला घेऊन पाठ खाजवली. झुरळांच्या मागे मला धावावं लागलं, त्यात यश आलं नाही. आणि एकदा कोंडीबा मला कारखान्यात घेऊन गेले. त्या दिवशी तिथली मोजायची टेप सापडत नव्हती. नॅपकिन पंचवीस सेंटिमीटरचे हवे होते. कोंडीबांनी माझी तुटकी कड नॅपकिनच्या काठाला लावली आणि वाचलं, अठ्ठावीस. त्यांनी दुसरा मोजला, तोही अठ्ठावीस. दुपारपर्यंत त्यांनी चारशे नॅपकिन 'मोठे झाले' म्हणून बाजूला काढले. दुपारी टेप सापडली. चारशे नॅपकिनांच्या घड्या पुन्हा घालाव्या लागल्या. संध्याकाळी सायकलच्या कॅरिअरवरून मी घरी आले, आणि कोंडीबा त्या दिवसाविषयी घरात आजतागायत एक अक्षर बोललेले नाहीत.

फक्त ऋतुजाची आणि माझी गट्टी कायम राहिली. मोजून झालं की ती पुटपुटायची, "वजा तीन." कॉलेजला गेली, पदार्थविज्ञान शिकली, तरी आलेख काढायला मीच. पुढच्या खोलीत तिनं भारताचा नकाशा लावला होता. एक सेंटिमीटर म्हणजे शंभर किलोमीटर. नकाशाशेजारच्या खिळ्यावर माझी जागा होती.

आता ज्या आठवड्याची गोष्ट सांगायची तो गेल्या जुलैतला. मंगळवारी सकाळी ऋतुजाच्या फोनवर एक पत्र आलं. डेहराडूनच्या एका संस्थेत नकाशे तयार करायला शिकवतात. एक वर्षाचा अभ्यासक्रम, राहण्याची सोय, आणि निवडलेल्या वीस जणांत ऋतुजाचं नाव. येणार की नाही, ते शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत कळवायचं. नाही कळवलं तर जागा एकविसाव्या माणसाला.

केराबाई परातीत पीठ मळत होत्या.

"कुटं हाय ते?" त्यांनी विचारलं.

"हितंच हाय की," कोंडीबा म्हणाले. "दिल्लीच्या जरा वर."

इथं एक खुलासा केला पाहिजे. कोंडीबांजवळ अंतर मोजायचं एकच माप आहे, ते म्हणजे 'हितंच'. मी भिंतीवरून त्याच्या नोंदी ठेवल्या आहेत. सर्वांत लहान 'हितंच' चाळीस पावलांचं, कोपऱ्यावरच्या पानाच्या टपरीपर्यंत. सर्वांत मोठं चारशे किलोमीटरचं, मुंबईपर्यंत. आता त्यात डेहराडूनची भर पडली.

"तुमचं हितंच मला नगा सांगू," केराबाई म्हणाल्या. "लग्न करून आनलं तवा स्टँडापासनं घर हितंच म्हनला, आन् ट्रंक घिऊन सव्वा तास चालवलात मला. वैशाखात."

"पोचलीस का न्हाय शेवटी?"

"पोचले. तवापासनं गुडघा दुकतोय."

"गुडघ्याला वैशाख कशाला लागतोय," कोंडीबा म्हणाले. पण ते उठले, मला खिळ्यावरून काढलं आणि नकाशापुढे उभे राहिले. माझी तुटकी कड त्यांनी सोलापुरावर ठेवली आणि दुसऱ्या टोकाकडे डोळा नेला.

"सतरा. आन् वर दोन रेघा. म्हंजे सतराशे वीस किलोमीटर."

केराबाई पिठाच्या हातानंच खाली बसल्या. त्यांचं माहेर वैराग, पन्नास किलोमीटर. सर्वांत लांबचा प्रवास पंढरपूर, पाऊणशे.

"अप्पा, तीन वजा करायचे की," ऋतुजा म्हणाली. "पट्टी तीनपासून सुरू होते. चौदा पूर्णांक दोन आलं. म्हणजे चौदाशे वीस."

केराबाईंचा चेहरा जरा उजळला. "हे बरं केलंस. एका दमात तीनशे किलोमीटर कमी झालं. अजून काय वजा होतंय का बग की."

मित्रांनो, ऋतुजानं इथं तोंड मिटलं असतं तर सगळं सोपं झालं असतं. पण तिला मोजमाप अर्धं सोडता येत नाही.

"आई, हे सरळ रेषेतलं झालं. रस्ता वळणं घेत जातो." तिनं फोनवर बघितलं. "रस्त्यानं सतराशे अठरा."

"मी काय म्हनलो?" कोंडीबांनी मला हवेत उंच धरलं. "सतराशे वीस. पट्टी बरोबर हाय. उगंच नावं ठिवता तिला."

माझी तूट आणि रस्त्याची वळणं, दोन्ही जवळजवळ सारखी निघाली होती. शास्त्रात याला योगायोग म्हणतात. कोंडीबा याला अनुभव म्हणतात.

"पण जायचं रेल्वेनं," ऋतुजा पुढे म्हणाली. "रेल्वे मनमाड, भुसावळ, भोपाळ करत जाते. ते धरलं तर दोन हजार ऐंशीच्या आसपास."

"बास," केराबाई म्हणाल्या. "आता मोजू नगं. जितकं मोजशील तितकं गाव लांब पळतंय."

मग त्या उठल्या, हात धुतले आणि त्यांनी आपला नियम सांगितला. तो मी शब्दाला शब्द देते, कारण पुढचं सगळं त्या शब्दांवर ठरलं.

"मला किलोमीटर कळत न्हाय. माझ्या आईनं मला वैरागवरनं पाठवलं तवा फडक्यात भाकरी बांदून दिली. हितं आल्यावर सोडली, तर तशीच्या तशी. म्हंजे गाव जवळ. ऋतुजाचंबी तसंच. हितनं निगालेली भाकरी तशीच्या तशी पोचली पायजे. पोचत असंल तर जा. न्हायतर सोलापुरात नकाशे मिळत्यात इकत."

ऋतुजा रडली नाही, भांडलीही नाही. तिनं विचारलं, "वेळ किती धरायचा?"

"जेवडा लागतोय तेवडा."

सकाळी सहाला सोलापुरातून सुटलेली गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी दिल्लीला पोचते. तिथून दुपारची गाडी धरली की रात्री नऊच्या सुमारास डेहराडून. एकूण एकोणचाळीस तास.

"मग प्रयोग करू," ऋतुजा म्हणाली.

बुधवारी सकाळी सहाला केराबाईंनी सहा भाकऱ्या केल्या. ऋतुजानं त्या कोंडीबांच्या कारखान्यातल्या डाग पडलेल्या टॉवेलमध्ये गुंडाळून प्रवासाच्या पिशवीत ठेवल्या. ठरलेल्या वेळी एक भाकरी बाहेर काढायची, ओट्याच्या कडेवर ठेवायची, दहा सेंटिमीटर भाग बाहेर काढायचा आणि तो किती खाली वाकतो ते मला लावून मोजायचं. दर वेळी नवी भाकरी घ्यायची, कारण एकदा वाकवलेली भाकरी दुसऱ्यांदा खरी साक्ष देत नाही. हे सगळं ऋतुजानं आईला समजावून सांगितलं.

"भाकरी मऊ हाय का ते बोटानं कळतंय," केराबाई म्हणाल्या.

"बोटाला आकडा नसतो, आई."

सहा वाजता भाकरी चोपन्न मिलिमीटर वाकली. दुपारी बाराला एकतीस. त्या वेळी गाडी मनमाडच्या अलीकडे असती, असं ऋतुजा म्हणाली. संध्याकाळी सहाला बारा. रात्री साडेआठला, निजायच्या आधी, चार. प्रत्येक आकडा वाचून तिनं "वजा तीन" म्हटलं ते सेंटिमीटरांतलं, आणि दर वेळी केराबाईंनी आशेनं बघितलं, की आता भाकरीतून काही वजा होतं का. मला वाटलं होतं त्या निकालानं खूश होतील. पण त्या दर वेळी भाकरीवर हात फिरवत होत्या, जणू आजारी माणसाच्या कपाळावर.

गुरुवारी सकाळी सहाला पाचवी भाकरी कडेवर ठेवली. ती वाकली शून्य मिलिमीटर आणि मग तुटली. सहावीला कुणी हात लावला नाही.

चोवीस तास झाले होते. गाडी अजून दिल्लीला पोचली नसती.

"झालं," केराबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात जिंकल्यासारखं काही नव्हतं. ऋतुजानं वहीत आकडा लिहिला, खाली रेघ मारली, आणि ती रेघ मारताना तिनं मला इतकं दाबलं की माझ्या कडेला तिच्या पेनाची शाई लागली. पुसट रेघांच्या पलीकडचा तो दुसरा डाग त्याच दिवसाचा.

तेवढ्यात दारात मल्लव्वा आल्या. मल्लव्वा शेजारी राहतात आणि दुकानांना कडक भाकऱ्या करून देतात. पापडासारख्या पातळ, तव्यावर दाबून शेकलेल्या. दोन्ही घरांमधली भिंत एकच, त्यामुळे मंगळवारपासून सगळी चर्चा त्यांनी ऐकली होती. त्यांचं माहेर अक्कलकोटच्या पुढचं. मराठी बोलताना मध्येच कानडी येतं.

"अक्का," त्या केराबाईंना म्हणाल्या, "तू परवा काय म्हनलीस ते एकडाव पुन्ना म्हन."

"काय म्हनले? भाकरी तशीच्या तशी पोचली पायजे म्हनले."

"हौदु," मल्लव्वांनी होकारार्थी मान हलवली. "तशीच्या तशी म्हनलीस. मऊ म्हनली न्हाईस."

त्यांनी पदराखालून एक कडक भाकरी काढली आणि ओट्यावर ठेवली. "ही मी आज केली. मोज गं पोरी."

ऋतुजानं दहा सेंटिमीटर भाग बाहेर काढला. शून्य.

मल्लव्वांनी दुसरी काढली. "ही गेल्या सोमवारची. दहा दिस झालं." शून्य. तिसरी काढली. "ही न इकलेली. महिना झाला. मोज." शून्य.

"सुरुवातीला शून्य, शेवटी शून्य," ऋतुजा सावकाश म्हणाली. "फरक शून्य."

"एकोनचाळीस तास काय घिऊन बसलीस," मल्लव्वा म्हणाल्या. "माझी भाकरी अमेरिकेला गेली तर हितल्यासारकीच जाती."

"ही लबाडी हाय," केराबाई म्हणाल्या. "तुजी भाकरी तव्यावरच म्हातारी होती. तिला काय होनार अजून?"

"म्हातारी न्हवं अक्का. घट हाय. तुज्या पोरीगत."

कोंडीबा कामावर जायला निघाले होते. सायकलची किल्ली बोटात फिरवत ते म्हणाले, "मी तर पैल्यापासनं सांगतोय, हितंच हाय."

"तुमी जावा कामाला," दोघी एकदम म्हणाल्या.

कोंडीबा गेले. मल्लव्वाही तिन्ही भाकऱ्या तिथंच ठेवून गेल्या. घरात आई आणि मुलगी उरल्या, आणि ओट्यावर मी. केराबाई बराच वेळ मांडणीतली भांडी पुन्हा लावत राहिल्या. ती आधीच लावलेली होती.

मग पाठमोऱ्याच म्हणाल्या, "भाकरी पोचंल गं. ती काय, कशीबी पोचंल. तुला तितं ताप आला, तर मी किती वेळात पोचंन?"

"एकोणचाळीस तास," ऋतुजा म्हणाली.

"त्यातनं काय वजा होत न्हाय?"

मी त्या वेळी श्वास घेऊ शकत असते तर रोखून धरला असता. ऋतुजानं खोटा आकडा सांगितला असता तर तो केराबाईंना तपासता आला नसता.

"नाही आई. गाडीला उशीर झाला तर वाढतात. आणि आधी तिकीट मिळालं पाहिजे."

केराबाई वळल्या. "दोन दिस. खरं सांगितलंस ते बरं केलंस." त्यांनी मल्लव्वांची एक भाकरी उचलली, मोडायला गेल्या आणि तशीच खाली ठेवली. "मला एकोनचाळीस तास म्हंजे किती, ते कळंना झालंय. मी कवा येवडा वेळ एका जागी बसलेच न्हाय. एकदा जाऊन बगू दे. मी येते तुज्यासंगं सोडायला. जीव लई घाबरा झाला तर दोगी परत येऊ. न्हाय झाला तर मी एकटी परत यीन. पन मोजनार मी. तू न्हाय."

शुक्रवारी दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी ऋतुजानं 'येते' असं कळवलं. पाचला तीन तास पन्नास मिनिटं बाकी होती.

सामान बांधताना माझ्यावरून वाद झाला. "मोडकी पट्टी कशाला न्हेतीस? धा रुपयाला नवी मिळती."

"हिची चूक मला पाठ आहे," ऋतुजा म्हणाली. "नवीची शोधत बसावं लागेल."

मित्रांनो, माझी आयुष्यात तीनदा स्तुती झाली. दोनदा समासाबद्दल, आणि ही तिसरी.

मल्लव्वांनी पत्र्याच्या डब्यात तीस कडक भाकऱ्या भरून दिल्या. केराबाईंनी त्या स्वतः मोजून घेतल्या आणि मला पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात खोचलं. निघायच्या दिवशी गाडी सकाळी सहा वाजून पाच मिनिटांनी हलली. पहिले चार तास केराबाईंनी दर स्टेशनाला विचारलं, "आलं का?" नंतर समोरच्या बाकावर भोपाळला चाललेलं एक कुटुंब आलं. त्यांना मराठी येत नव्हतं आणि केराबाईंना हिंदी जेमतेम. दुपारपर्यंत त्या कुटुंबानं शेंगाची चटणी खाल्ली होती, पाणी प्यायलं होतं आणि आणखी मागितली होती. पाच भाकऱ्या तिथंच गेल्या.

संध्याकाळी ऋतुजानं खिडकीतून नर्मदा दाखवली.

"आपली भीमा केवडी हाय हिच्यापुडं?" केराबाईंनी विचारलं.

"माहीत नाही. मोजली नाही."

"मोज कवातरी," केराबाई म्हणाल्या आणि बाकावर पाय पसरून झोपल्या. गुडघा दुखल्याची तक्रार त्यांनी सबंध प्रवासात एकदाच केली, दिल्लीच्या जिन्यावर.

दिल्लीच्या फलाटावर एका बाईनं त्यांना विचारलं, कहाँ जाना है, दूर है क्या? केराबाईंनी पदर नीट केला आणि म्हणाल्या, "न्हाय न्हाय. हितंच. डेराडून."

ऋतुजानं मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. केराबाई डब्याचं झाकण तपासण्यात गुंतल्या होत्या.

गाडीला उशीर झाला. घरातून निघाल्यापासून खोलीचं दार उघडेपर्यंत एकेचाळीस तास पंचवीस मिनिटं लागली. केराबाईंनी चप्पल काढायच्या आधी डबा उघडला. तीस भाकऱ्यांपैकी नऊ खाल्लेल्या, दोन मोडलेल्या, एकोणीस अखंड. त्यांनी एक उचलली, टेबलाच्या कडेवर ठेवली, अंदाजानं दहा सेंटिमीटर बाहेर काढली आणि हात पुढे केला. ऋतुजानं मला त्या हातात दिलं. केराबाईंनी मला उभं धरलं, तोंडानं "वजा तीन" म्हटलं आणि बराच वेळ बघत राहिल्या.

"शून्य," त्या म्हणाल्या. मग पलंगावर बसल्या आणि त्यांनी कोंडीबांना फोन लावला.

"पोचलीस? किती लांब हाय गं?" कोंडीबांचा आवाज खोलीभर ऐकू आला.

"हितंच हाय की," केराबाई म्हणाल्या.

चार दिवस राहून त्या एकट्या परत गेल्या. जाताना खिडकीजवळच्या भिंतीत त्यांनी दगडानं एक खिळा ठोकला आणि मला त्यावर अडकवलं.

मित्रांनो, निरोप घेण्याआधी मला थोडं सांगायचं आहे. तुटलेल्या वस्तू टाकू नका असं मी म्हणणार नाही. काही टाकाव्या लागतात. पण ठेवलीत तर ती कुठून तुटली आहे ते पाठ करून ठेवा, म्हणजे ती तुम्हाला फसवणार नाही. मोजण्याआधी शून्य कुठं आहे ते बघा. काम झालं की आम्हाला आमच्या खिळ्यावर परत अडकवा. आणि डब्याचं झाकण घट्ट बसलं असेल तर ते थोडं गरम करा. आपोआप सुटतं.

केराबाई सोलापूरला पोचल्या त्या संध्याकाळी त्यांचा फोन आला. प्रवास कसा झाला ते सांगून झालं, मल्लव्वांचा निरोप सांगून झाला. मग भांडी सरकवल्याचा आवाज आला आणि त्या जरा धापा टाकत म्हणाल्या, "वाकून बगितलं. तुज्या पट्टीचा तुकडा हाय हितंच, मांडनीखाली. काळजी करू नगं."

फोन ठेवून ऋतुजानं मला खिळ्यावरून काढलं. टेबलावर आता संस्थेनं दिलेला नकाशा होता, एक सेंटिमीटर म्हणजे शंभर किलोमीटर. तिनं दोनदा मोजलं, दोन्ही वेळा तीन वजा केले, आणि वहीत लिहिलं:

पट्टीचं शून्य: सोलापूर, मांडणीचा मागचा डावा पाय.
पट्टीचं तीस: डेहराडून, खिडकीजवळचा खिळा.
शून्यापासून तीसपर्यंत, सरळ रेषेत: एक हजार चारशे वीस किलोमीटर.